अमोसचे केस

"सिफोराताई, वर तुमच्या आमूचे केस कापतायत!"

आमच्या सेंटरच्या वॉचमननं, सहदेवनं, ही बातमी मला दिली ती सुद्धा कशी, तर पेढे घेऊन आल्यासारखी, तोंडभर हसत. मी रिसेप्शनवर होते. एका कानाला फोन, समोर हिब्रूच्या वर्गाची वेळ विचारायला आलेलं एक जोडपं, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर कुणीतरी विसरून गेलेली हारांची पिशवी.

"कुणाच्या आमूचे?"

"तुमच्याच हो. अमोसचे. हॉलमध्ये. लई टाळ्या पडतायत!"

फोन तसाच टेबलावर टाकला आणि जिन्याकडे धावले. लिफ्टची वाट बघण्याइतकं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आधी सेंटरचं सांगते, नाहीतर तुम्हांलाही माझ्यासारखंच काही कळायचं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. ठाण्यात आमच्या लोकांसाठी ही भलीमोठी इमारत उभी राहिली, तेव्हापासून मी तिथे नोकरीला. पहिल्या मजल्यावर हॉल, त्याच्यावर बालवाडी आणि सुट्टीत मुलांचा कॅम्प, मग जिम आणि टेबल टेनिस, मग म्हाताऱ्यांचा क्लब आणि त्यांचं जेवण, त्याच्यावर हिब्रूचे वर्ग. सगळ्यात वरचा मजला नक्की कशासाठी होता ते मला नोकरी सोडेपर्यंत समजलं नाही. सकाळी ज्या खुर्च्यांवर डोळे तपासायचं शिबिर, त्याच खुर्च्यांवर संध्याकाळी साखरपुडा. कुणाच्या घरी मयत झालं तर डबे आमच्याकडून, कुणी इस्राएलला निघालं तर निरोप आमच्याकडे, आणि कुणाचं लग्न जमत नसेल तर तेही माझ्याच टेबलाशी येऊन उसासे टाकणार. एका दिवसात इतकी माणसं इतक्या कामांनी यायची की कुठल्या मजल्यावर हसायचं आणि कुठल्या मजल्यावर गंभीर व्हायचं, याचा माझा कायम गोंधळ.

त्या दिवशी हॉल आमच्या नव्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, घेतला होता. रब्बी झेलिग. तांबूस दाढीचा, पोरगेलासा, परदेशातून बायको फ्रीदाबरोबर नुकताच आलेला. माणूस लाख चांगला, पण त्याचं इंग्रजी दाढीतच अडकायचं. सेंटरमध्ये ते समजणारी मी आणि रेल्वेतून निवृत्त झालेले हसकेलकाका, एवढीच माणसं. रब्बींच्या लोकांत अशी रीत की मुलाचे केस पहिली तीन वर्षं कापायचेच नाहीत. मग पेसाहचा सण झाल्यावर काही आठवड्यांनी एक आनंदाचा दिवस येतो, त्या दिवशी मुलाला खुर्चीवर बसवायचं आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं एकेक बट कापायची. रब्बींचा मुलगा तीन वर्षांचा झाला होता. म्हणून फुगे, म्हणून गाणी, म्हणून कॅम्पमधल्या मुलांनाही खाली हॉलमध्ये आणलेलं.

मी दारातून आत घुसले तेव्हा रब्बींचा मुलगा खाली उभा राहून केक खात होता, आणि खुर्चीवर माझा अमोस. गालात टॉफी. कपाळावरचे केस गेलेले, उजव्या बाजूचे कानापर्यंत गेलेले, डाव्या बाजूची मी सकाळी घातलेली वेणी तेवढी जागेवर. आणि हातात कात्री घेऊन हसकेलकाका पुढची बट शोधतायत.

"थांबा!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की टेपवाल्यानं गाणंच बंद केलं. हॉलभर माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"काय झालं गं?" हसकेलकाकांनी विचारलं.

"काय झालं काय विचारता? नवसाचे केस आहेत ते!"

आमच्याकडेही केस ठेवायची रीत आहे, पण ती वेगळी. मूल नवसाचं असेल तर त्याच्या केसांना सहा-सात वर्षं कात्री लावत नाहीत. मग अलिबागेजवळ खंडाळ्याला न्यायचं, तिथे एलियाहू हन्नाबीचा टप्पा, म्हणजे त्याचं पवित्र ठिकाण, आहे. एलियाहू हन्नाबी आमचा संदेष्टा, रथातून स्वर्गात गेलेला. तिथल्या खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात, आणि अडीअडचणीला देवाखालोखाल त्यालाच हाक मारतात. त्या टप्प्यावर मुलाचे केस उतरवायचे आणि तेवढ्या वजनाची चांदी दान द्यायची. तोवर नाही म्हणजे नाही. अमोस साडेपाच वर्षांचा. माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या बायका सांगायच्या, नवस अर्ध्यात मोडला तर ज्याच्यासाठी तो केला त्याला हन्नाबी परत मागून घेतो.

हसकेलकाकांच्या हातातली कात्री खाली आली. "अगं, मला वाटलं मिलकानं ठरवलं असेल! तुझ्या सासूनं! म्हटलं एवढा समारंभ आहेच, तर त्यातच उरकतायत."

रब्बी झेलिग कावरेबावरे. "मी विचारलं होतं," ते मला म्हणाले, "हसकेलकाकांकडून नीट विचारलं होतं. ज्यू आहेस का, विचारलं. हो म्हणाला. केस घरच्यांनी देवासाठी ठेवलेत का, विचारलं. हो म्हणाला. आज कापायचे का? हो म्हणाला."

हे असं. एकूणएक उत्तर खरं. सातव्या महिन्यात जन्मलेलं माझं पोर, अंगानं जेमतेम तीन वर्षांचं दिसायचं, त्यामुळे वय विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"आमू, तू हो म्हणालास?"

"मीच म्हटलं कापा," अमोस टॉफी दुसऱ्या गालात सरकवत म्हणाला. "कॅम्पमधले सगळे मला ताई म्हणतात."

मला चक्रावल्यासारखं झालं ते कशानं, सांगू? मला स्वतःला ते केस डोळ्यांसमोर नको होते. रोज सकाळी तेल, फणी, गुंता, त्याचं रडणं आणि माझं ओरडणं. हे सगळं सासूबाईंचं खूळ, असं मी उठताबसता बोलायचे, त्यांच्या तोंडावर बोलायचे. नवसबिवस मला कधी पटला नव्हता. आणि आता कात्री लागली तर गळा काढून ओरडणारी मीच! पोराला काही झालं तर? पटत नाही ते एक, आणि पोटचं पोर समोर असताना भीती वाटते ते दुसरं.

"सासूबाईंना कळता कामा नये," मी म्हटलं. सासूबाई तेव्हा वर म्हाताऱ्यांच्या क्लबात जेवत होत्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास. "आधी ह्यांना बोलावते."

हे म्हणजे माझा नवरा, ओबेद. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फोरमन. देवाधर्माच्या बाबतीत माझ्याही पुढे. घरी मलिदा असला, म्हणजे हन्नाबीच्या नावानं गोड पोहे, नारळ, फळं मांडून प्रार्थना असली, की हा हळूच म्हणणार, "हन्नाबीला वेलची चालते का ते एकदा विचारून घ्या." सासूबाई चिडायच्या, मी हसायचे. म्हटलं, हा येईल, चार थट्टेचे शब्द बोलेल, माझ्याही जिवातला घोर जाईल.

फोनवर मी फक्त एवढं सांगितलं, "अमोसचे केस कापले गेलेत, चुकून. सेंटरवर या."

पलीकडून फक्त यंत्रांचा आवाज.

"ऐकलंत का?"

"तू कुठे आहेस?" ओबेदनं विचारलं.

"सेंटरवर. म्हटलं ना!"

"खाली बस. मी येईपर्यंत जिना चढू-उतरू नकोस."

फोन ठेवून दिला. आता ह्यात जिन्याचा काय संबंध? मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली.

आला तो स्कूटर गेटात आडवी टाकून. कामाचा कपडा अंगावर, हात काळे. अमोस माझ्या मांडीवर बसलेला, अर्धं डोकं भादरलेलं, डाव्या खांद्यावर वेणी. कुठलाही बाप आधी तिकडे बघेल. हा माझ्याकडे बघत होता.

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"चक्कर वगैरे? छातीत काही?" आणि त्यानं चक्क माझ्या कपाळाला हात लावला. तेलकट हात, सगळ्या लोकांसमोर!

"अहो, केस पोराचे कापलेत, माझे नाहीत!"

तरी हा माझं मनगट धरून उभा. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ह्या माणसाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पांढराफटक. थट्टा नाही, राग नाही. मी घाबरले. मला वाटलं ह्याला कारखान्यातच काहीतरी झालंय, आणि हा ते सांगत नाहीये.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. सेंटरमध्ये गोष्ट लपवायची म्हणजे परातीत पाणी घेऊन पळायचं. कुणीतरी वर जाऊन सांगितलंच होतं. मी खुर्ची ओढली, हसकेलकाकांनी पाणी आणलं, आम्ही सगळे त्या आता पडतील म्हणून सज्ज. सासूबाई आल्या, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि अगदी शांत आवाजात मुलाला म्हणाल्या, "ओबेद, आता काय करायचं रे?"

मला नाही. रब्बींना नाही. ओबेदला.

रब्बी झेलिग हात चोळत पुढे आले. ते म्हणाले त्याचा अर्थ असा की घाबरायचं कारण नाही, नवसातून मोकळं करायची आपल्या धर्मात सोय आहे. तीन पुरुष बसतात, नवस करणारा माणूस त्यांच्यापुढे उभा राहतो, ते त्याला मोकळं करतात. मग बोल राहत नाही, दोष राहत नाही, कुणाच्या जिवाला भय राहत नाही.

माझ्या जिवात जीव आला. "चला, मग आत्ताच करू."

हॉलमध्ये पुन्हा गाणी सुरू झाली होती, म्हणून आम्ही टेबल टेनिसच्या खोलीत गेलो. तिसरा माणूस पाहिजे म्हणून शेजारच्या जिममधून ट्रेनर रॉनीला ओढून आणला. गळ्यात शिट्टी, अंगाला घाम. कुणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. टेबलाच्या एका बाजूला रब्बी, हसकेलकाका आणि रॉनी बसले, मध्ये जाळी, आणि ह्या बाजूला आम्ही. हसकेलकाका आता न्यायाधीश, त्यामुळे दुभाषी मी.

"नवस कुणी केला?" रब्बींनी विचारलं.

"माझ्या सासूबाईंनी," मी म्हटलं. "आई, तुम्ही पुढे या."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "मी? मी कुठे केलाय नवस?"

"आई, आता वेळ कुठली, तुम्ही बोलता काय? घरात नवस दुसरं कोण करणार?"

"मी नाही केला. ह्यानं केला."

मी ओबेदकडे बघितलं. ओबेद टेबलाकडे बघत होता.

"ह्यांनी?" मला हसूच आलं. "आई, हे तर पोह्यांची थट्टा करतात."

"अमोस झाला तेव्हा हा कुठे होता, आठवतं?"

आठवत नाही होय! ते तर मी आयुष्यभर उगाळलेलं दुखणं. सातव्या महिन्यात अचानक रक्त जायला लागलं, दवाखान्यात नेलं, आणि माझा नवरा दिवसभर बेपत्ता. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी सासूबाई. हा दुसऱ्या दिवशी उगवला, म्हणाला कारखान्यात अडकलो. भांडण कुठल्याही गोष्टीवरून सुरू होवो, शेवटी मी तिथेच आणून सोडायचे.

"कारखान्यात होते," मी म्हटलं.

"खंडाळ्याला होता," सासूबाई म्हणाल्या. "टप्प्यावर. डॉक्टरनं ह्याला सांगितलं की दोघांतलं एकच हाती लागेल, तेही सांगता येत नाही. हा काही न बोलता निघून गेला. अनवाणी चढला टप्प्याची चढण. परत आला आणि मला म्हणाला, 'आई, मूल राहिलं तर त्याच्या केसांना सात वर्षं हात लावायचा नाही. पण सिफोराला सांगशील तर माझी शपथ आहे. तू केलास असं सांग.' सांगितलं मी. आणि तुझी बोलणी खाल्ली ती खाल्ली!"

"पण मुलासाठी बापानं नवस केला तर त्यात लपवायचं काय?" मला खरोखर कळत नव्हतं.

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच साडेपाच वर्षांची. "अगं बाई, मुलासाठी नाही. केस मुलाचे. मागणं तुझं होतं. 'ती राहू दे,' एवढंच मागून आला हा. मागण्यात मुलाचं नावही नव्हतं, म्हणून तर त्याला लाज वाटायची."

माझ्या कपाळावर अजून त्या तेलकट हाताचा डाग होता. मी पुसायला गेले आणि हात मध्येच राहिला. खाली बस म्हणाला होता. जिना चढू नकोस म्हणाला होता. नवस मोडला तर ज्याच्यासाठी केला त्याला, आणि मी मघापासून अमोसला पोटाशी धरून बसलेली!

"काय म्हणाल्या त्या?" रब्बींनी विचारलं.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला ठाऊक नाही. एवढंच की नवस करणारा हा आहे.

रब्बी उभे राहिले. "तर मग ह्यांना एकच प्रश्न विचारायचा. हा नवस केल्याचा तुम्हांला पश्चात्ताप होतो का? तो केलाच नसता तर बरं झालं असतं, असं वाटतं का? हो म्हटलं की आम्ही मोकळं करतो."

मी ओबेदकडे वळले. "विचारतायत, नवस केल्याचा पश्चात्ताप होतो का."

"नाही," ओबेद म्हणाला.

"अहो, हो म्हणायचं असतं. रीत आहे ती. नुसतं म्हणायचं."

"कळलं मला."

"मग म्हणा की!"

"नाही होत पश्चात्ताप."

"ओबेद, बाळा," हसकेलकाका जाळीवरून वाकून म्हणाले, "तोंडानं बोलायचं रे फक्त. मनात काय ते देव बघेल. हो म्हण आणि सुट."

"काका, त्या दिवशी मी दगडावर डोकं टेकून जे मागितलं ते मला मिळालं," ओबेद म्हणाला. "ते मागायलाच नको होतं असं मी तिच्यासमोर उभा राहून म्हणू? मोकळा होण्यासाठी? नाही जमायचं. देवाधर्मातलं मला काही कळत नाही, पण हे नाही जमायचं."

हे सगळं मी इंग्रजीत सांगायचं होतं. "ही सेज," एवढं म्हटलं आणि पुढे रडूच फुटलं. हमसून हमसून रडले, त्या रॉनीच्या आणि सगळ्यांच्या देखत. बाकीचं हसकेलकाकांनी आपल्या रेल्वेच्या इंग्रजीत पुरं केलं.

रब्बींनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "असं असेल तर मी ह्यांना मोकळं करू शकत नाही. नवस अंगावर राहील."

"राहू दे," ओबेद म्हणाला.

"मग मी जाऊ का?" रॉनीनं विचारलं. "माझी बॅच थांबलीय." आणि तो टोपी टेबलावर ठेवून हळूच निघून गेला.

सासूबाईंनी हॉलमध्ये पडलेल्या बटा तोवर कुणाकडून तरी रुमालात मागवून घेतल्या होत्या. त्यांनी रुमालाला गाठ मारली. "पडले ते हे, राहिले ते डोक्यावर," त्या म्हणाल्या. "टप्प्यावर सगळे एकदमच नेऊ. आपण कापले नाहीत, कापवले नाहीत. हन्नाबी काय आंधळा आहे?"

राहिला प्रश्न अमोसचा. इतका वेळ तो टेबलाखाली चेंडू शोधत होता. ओबेदनं त्याला बाहेर ओढलं आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"आमू, राहिलेले केस अजून ठेवायचे हां."

"नाही!" अमोस म्हणाला. बापाचाच मुलगा.

"ऐक तरी. सात वर्षांचा होईपर्यंत. मग आपण सगळे कापून टाकू."

"मला सगळे ताई म्हणतात. आता तर अजूनच हसतील." त्यानं अर्ध्या डोक्याला हात लावला. "कुणासाठी ठेवायचे? आजीसाठी?"

ओबेदनं एकदा आईकडे बघितलं. मग म्हणाला, "नाही. आईसाठी."

अमोसनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. रडून सुजलेलं तोंड, कपाळावर काळा डाग, विस्कटलेली साडी. वरपासून खालपर्यंत अगदी सावकाश बघितलं. त्याच सकाळी वेणी घालताना हलतो म्हणून मी त्याला धपाटा घातला होता. हा आता काय म्हणेल, ह्याची मला खरोखर भीती वाटली. तिथे तीन पुरुषांचं न्यायालय बसलं होतं तेव्हा नव्हती वाटली.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "पण शाळेत तू येऊन सांगायचंस, मी मुलगा आहे म्हणून."